जिभेचा दाखला

आमच्या गावाच्या नावातच मीठ. मीठखोल, देवगडाच्या खाली.
कंपनी आली तेव्हा पाटी बदलावी लागली नाही.

माझं काम सोपं.
बावीत पोहरा सोडायचा, थेंबभर
जिभेच्या शेंड्यावर घ्यायचं, थुंकायचं,
आकडा सांगायचा.
बाराशे. अठराशे. तीन हजार.
यंत्रं गंजतात खाऱ्या वाऱ्यात,
पोरांच्या जिभा अठरा वर्षांपर्यंत टिकतात.
माझ्या आधीचा बस्त्याव
दिवसाला चाळीस बावी चाखायचा.
आता त्याला चुना आणि साखर सारखीच.

करारात लिहिलंय:
मासळी वर्ज्य, मीठ वर्ज्य,
मिरची, आमसूल, कच्ची कैरी वर्ज्य.
जीभ बाटली की करार संपला.
सहा वर्षं मी अळणी पेज जेवते.
घरात बांगडा तळला की आई मला
मागल्या दारी बसवते, वाऱ्याच्या उलट्या अंगाला.
पगार रोज दोन लिटर, झाकण सीलबंद.

पाऊस पडतो. न पडून जाईल कुठे?
कौलांवरून येतो, पन्हळीत शिरतो.
पागोळ्यांना मीटर आहेत.
श्रावणात दमयंतीकाकूचं पातेलं
अंगणात उघडं राहिलं रात्रभर,
सकाळी पाणखोत दारात, पावतीपुस्तकासकट.
"विसरलंय हो," काकू म्हणाली.
"पातेलं विसरतं," तो म्हणाला, "पाणी मोजलेलं असतं."

मग ती अमावास्या.
पहाटेची सुकती इतकी लांब गेली
की कोंबड्याचा खडक मुळापर्यंत उघडा.
मी होडीचा हरवलेला नांगर शोधत होते.
खडकाच्या पोटाशी वाळू उकळत होती, गार.
आजूबाजूला एकही कालव चिकटलेलं नाही,
शेवाळ वेगळंच हिरवं, बावीतलं.
बोट बुडवलं. जिभेला लावलं.

शून्य नव्हतं. शून्य मला ठाऊक आहे,
ती सीलबंद बाटलीची चव.
हे सड्यावरून जांभ्यात झिरपत आलेलं,
किंचित लोखंडी, किंचित फणसाच्या मुळाचं,
कुणीच न मोजलेलं.
मी थुंकले नाही.

"कोंबड्याचा खडक?" पाणखोताने विचारलं.
"समुद्र."
"आकडा?"
"पस्तीस हजार."
त्याने लिहून घेतलं. शिक्का मारला.
माझ्या जिभेवर तेव्हा कुणाचा संशय नव्हता.

तेव्हापासून दर अमावास्येला, दर पुनवेला
बायका कालवं फोडायला जातात.
टोपलीत वर कालवं, खाली कळशी.
सव्वा तास मिळतो, मग भरती येते
आणि समुद्रच दार लावून घेतो.

अकरा घरांना सांगितलं मी.
बाराव्याला नाही,
त्या घरचा मुलगा कंपनीच्या टँकरवर आहे.
त्या घरात तान्हं बाळही आहे.
रात्री ते रडतं ते आमच्याकडे ऐकू येतं.

काल पाणखोत टोपल्यांकडे बघत उभा होता.
"कालवं भांगाला का नाही काढत गं तुम्ही?"
कुणी बोललं नाही.
"परवा पुनव. खडकावर माझ्यासमोर चाख.
तोंडाकडे बघून कळतं मला."

नवी जीभ तालुक्याहून यायला दोन महिने लागतात.
दोन महिने म्हणजे चार उधाणं.
चार उधाणं, अकरा घरं, आणि बारावं,
ते आज सांजेला मी स्वतः जाऊन सांगणार आहे,
चुकलं तर चुकलं.

म्हणून आता मी चुलीपुढे बसलेय,
मागल्या दारी नाही.
आई शिंक्यावरून खारवलेला बांगडा काढते,
निखाऱ्यावर टाकते, काही विचारत नाही.
पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी,
तेही खारट, तेही पहिल्यांदाच कळलेलं.

"कसो लागता गो?"
सवयीने आकडा ओठांवर आला.
गिळला.
"आजून एक घाल," म्हटलं.